नकाशा मैल सांगतो, उंची सांगत नाही: अमेरिकेच्या वाळवंटी पश्चिमेतला उन्हाळी प्रवास

आज सुरुवात एका जुन्या कागदापासून करूया. आम्ही दोघांनी अमेरिकेच्या वाळवंटी पश्चिमेची पहिली सहल आखली तेव्हाचा हा कागद अजून घरात जपून ठेवलाय. नऊ दिवस, अकरा ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणापुढे मैल आणि तास. लास व्हेगस ते झायन १६० मैल, पावणेतीन तास. झायन ते ब्राइस दोन तास. असं खालपर्यंत. बेरीज अगदी बरोबर होती. त्या कागदावर दोन रकाने मात्र नव्हते. ठिकाण समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हा एक. आणि आपण तिथे पोचू तेव्हा घड्याळात किती वाजलेले असतील, हा दुसरा. तारखा जुलैच्या, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच आणि भारतातून आई आलेल्या असतात त्याही तेव्हाच. आज ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गणित हेच असणार.

त्या सहलीत पाचव्या दिवशी आम्ही युटामध्ये मोआब गावाजवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात होतो. तिथली डेलिकेट आर्च ही दगडी कमान तुम्ही पाहिलेली आहे, युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तिचं चित्र असतं. वाहनतळापासून जाऊन-येऊन तीन मैलांची वाट, चढ ४८० फुटांचा. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, असं आम्हाला वाटलं. आमच्या कागदावर वेळ होती सकाळी ११. वाट उघड्या कातळावरून जाते, सावली जवळजवळ नाही, आणि चौघांत मिळून पाणी दोन लिटर. आई मूळच्या चंद्रपूरच्या. सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. 'मला ऊन काय दाखवता,' असं निघताना त्यांनीच बजावलं होतं. अर्ध्या तासाने त्या एका खडकाच्या हातभर सावलीत बसल्या. चेहरा लाल, कपाळ कोरडं, हात थरथरतोय. आणि म्हणाल्या, 'आमच्याकडे या वेळेला कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. तुम्ही मला कुठे घेऊन चाललात?'

आम्ही तिथूनच परत फिरलो. गाडीत एसी, मीठ-साखरेचं पाणी, ओला टॉवेल, आणि तासाभरात त्या ठीक झाल्या. पण त्या दिवशी कळलं की चूक वयाची किंवा तब्येतीची नव्हती, आखणीची होती. चंद्रपूरचा माणूस ऊन सोसतो म्हणजे काय करतो? पहाटे कामं उरकतो, दुपारी दार लावून घेतो, संध्याकाळी अंगणात येतो. आम्ही नेमकी तीच सवय मोडायला लावली होती.

तर आता तो हरवलेला पहिला रकाना भरूया. लास व्हेगस दोन हजार फुटांवर आहे. जुलैत दुपारचं सरासरी तापमान ४० ते ४१ अंश सेल्सिअस. झायनच्या दरीचा तळ चार हजार फूट, दुपारी ३८. मोआब आणि आर्चेसचा परिसर साधारण तेवढाच उंच आणि तेवढाच तापलेला. आता ब्राइस कॅन्यनचा कडा बघा, आठ ते नऊ हजार फूट, जुलैतली दुपार २७-२८ अंशांची. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सात हजार फूट, २९ अंश. ब्राइसच्या पश्चिमेला सीडर ब्रेक्स म्हणून ठिकाण आहे, दहा हजार फुटांच्या वर, तिथे भर जुलैत दुपारी स्वेटर लागू शकतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे ब्राइसच्या कड्यावर तुम्ही कळसूबाईच्या दीडपट उंचीवर गाडी लावून उभे असता.

याच्यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. हवा वर जाताना प्रसरण पावते आणि थंड होते. अगदी कोरडी हवा दर हजार मीटरला सुमारे १० अंश थंड होते, प्रत्यक्षात फरक सहसा सहा ते आठ अंशांचा पडतो. दमट हवेत तो आणखी कमी. म्हणून वाळवंटात उंचीचा फायदा जास्त मिळतो. व्हेगस आणि ब्राइसमध्ये सरळ रेषेत फार अंतर नाही, अर्ध्या दिवसाचा रस्ता, पण दुपारच्या तापमानात १३-१४ अंशांचा फरक. मैलांचा तक्ता हे कधीच दाखवत नाही.

आणि यात एक गंमत आहे. जी उंची तुम्हाला गारवा देते, तिनेच ही दृश्यं घडवली आहेत. हा सगळा प्रदेश म्हणजे कोलोरॅडोचं पठार. गाळाच्या खडकांचे थर एकावर एक साचले, मग अख्खं पठार उचललं गेलं, आणि नद्यांनी ते कापलं. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरचा सगळ्यात वरचा थर जिथे संपतो, साधारण तिथून झायनची गोष्ट सुरू होते, आणि झायनचे वरचे थर संपतात तिथून ब्राइसची. याला ग्रँड स्टेअरकेस म्हणतात, प्रचंड पायऱ्यांचा जिना. त्या जिन्याच्या पायऱ्या चढत गेलात की खडक तरुण होत जातो आणि हवा गार. आमचा आता नियमच आहे: उन्हाळ्यात मुक्काम वरच्या पायरीवर, खालच्या पायरीवर फक्त पहाटे उतरायचं.

हे वाळवंट झालंच का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, पलीकडे कोरडा वारा उतरतो. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेत शिकलोय. कॅलिफोर्नियात सह्याद्रीच्या जागी सिएरा नेवाडा, चौदा हजार फुटांची शिखरं असलेली रांग. तिच्या मागे आणखी रांगा, आणि त्यांच्या सावलीत डेथ व्हॅली, जिथे वर्षाचा पाऊस सरासरी दोन इंच.

आता शरीराकडे वळूया, कारण आपल्या लोकांची फसगत इथे होते. मुंबई-ठाण्याच्या माणसाला घाम म्हणजे ओला शर्ट. या कोरड्या हवेत घाम त्वचेवर येतो आणि लगेच उडून जातो. अंग कोरडं, म्हणून माणूस म्हणतो, मला घामच येत नाही, पाणी कशाला? प्रत्यक्षात उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी शरीरातून निघून गेलेलं असतं. काळ्या टोपीवर नंतर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात तेव्हा खरं कळतं. डेथ व्हॅलीत उद्यानाचे अधिकारी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी सांगतात. गाडीत याच्या दुप्पट ठेवा. एक माणसांसाठी, एक रेडिएटरसाठी आणि अडचणीसाठी.

पण नुसतं पाणी ढोसत राहणं हीसुद्धा चूक आहे, आणि ती उत्साही लोक करतात. घामाबरोबर मीठ जातं. मीठ न घेता लिटरच्या लिटर पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशी लक्षणं दिसतात, जी उष्माघातासारखीच वाटतात. इथे आपल्या घरचा डबा कामाला येतो. चिवडा, खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं, पन्ह्याची बाटली. रेंजर लोक खारट खा म्हणून सांगतात तेव्हा त्यांच्या मनात प्रेट्झेल असतात, पण तत्त्व एकच. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये. आणि कुणाचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तोल जायला लागला, तर तो थकवा समजू नका. तो उष्माघात आहे. ९११ लावा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मदत येईपर्यंत थांबू नका.

बरं, आता प्रत्यक्ष रस्ता. नऊ दिवसच धरूया, आमच्या त्या कागदावरचेच, पण अकरा ठिकाणांऐवजी मुक्काम पाच.

व्हेगसहून दुपार कलल्यावर निघायचं आणि झायनच्या दारातल्या स्प्रिंगडेल गावात रात्री पोचायचं. एकच रात्र. मार्च ते नोव्हेंबरमध्ये झायनच्या मुख्य दरीत खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची शटल बस असते. सकाळची पहिली किंवा दुसरी बस पकडा. दरीच्या भिंती दोन-दोन हजार फुटांच्या, त्यामुळे सकाळी बराच वेळ तळाशी सावली असते आणि नदीकाठची वाट सुखाची असते. साडेदहा-अकराला बाहेर. मग पूर्वेचा रस्ता, १९३० साली पूर्ण झालेला झायन-माउंट कार्मेल बोगदा, एक मैलाहून लांब, आणि दुपारी ऊन तापेपर्यंत तुम्ही ब्राइसच्या उंचीवर. मोठी आरव्ही भाड्याने घेतली असेल तर या बोगद्यासाठी गाडीच्या मापाचे निर्बंध आहेत, ते आधी वाचा.

ब्राइसला दोन रात्री. इथे पहाट सोडू नका. पूर्वेकडे तोंड केलेला कडा आहे, सूर्य वर आला की हूडू म्हणतात ते नारिंगी सुळके आतून पेटल्यासारखे दिसतात. दुपारी एकला तेच सुळके फिके, सपाट. फोटो काढणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पण आखणी करताना विसरायला होतं की उजेड आणि ऊन यांचं वेळापत्रक एकच आहे. दुपारचं दृश्य हे दिवसातलं सगळ्यात वाईट दृश्य असतं. म्हणजे दुपारी झोपलात तर काही गमावत नाही.

तिथून युटाचा हायवे १२. आम्हाला विचाराल तर सगळ्या सहलीतला सगळ्यात देखणा रस्ता हाच, ग्रँड कॅन्यनपेक्षाही आम्ही याला वरचा नंबर देऊ, भांडण झालं तरी चालेल. सव्वाशे मैलांच्या आत-बाहेर, पण तीन तासांत संपवू नका, दिवस द्या. एस्कलांटे गावापुढे पांढऱ्या कातळाचा समुद्र लागतो. मग हॉग्जबॅक नावाचा भाग, जिथे रस्ता कातळाच्या धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना दरी. शेवटी बोल्डर माउंटन, साडेनऊ हजार फूट, अॅस्पेनची झाडं, गाडीच्या काचा खाली. उतरून टोरी गावात दोन रात्री. शेजारी कॅपिटॉल रीफ उद्यान, आणि त्यात फ्रूटा म्हणून जुनी वस्ती, मॉर्मन लोकांनी लावलेल्या बागा अजून उद्यानच सांभाळतं. हंगामात चेरी, जर्दाळू, पीच स्वतः तोडून घेता येतात. लाल कड्याखाली जर्दाळूच्या झाडावर चढलेला नातू आणि खाली ओचा धरून उभ्या असलेल्या आजी, हे दृश्य कुठल्याही पुस्तकात नाही.

पुढचा दिवस लांबचा आहे आणि त्याच्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. टोरी ते मॉन्युमेंट व्हॅली, हँक्सव्हिल आणि हायवे ९५ वरून, दोनशे मैलांच्या वर. हँक्सव्हिलला पेट्रोल भरा, टाकी अर्धी भरलेली असली तरी भरा. पुढे सव्वाशे मैल भरवशाचा पंप नाही, फोनला रेंज नाही, आणि समोरून गाडी येईल तीही कधीतरी. भर उन्हात इथे अडकायचं नसेल तर सहाला निघा. वाटेत नॅचरल ब्रिजेस, साडेसहा हजार फुटांवर, गार. नंतर मोकी डगवे: तीन मैलांचा कच्चा घाट, अकराशे-बाराशे फूट खाली, १९५० च्या दशकात युरेनियमचं खनिज उतरवायला काढलेला, कठडा नसल्यासारखाच. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला भीती वाटायचं कारण नाही, नियम तेच. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय दाबून धरू नका. ऑटोमॅटिक गाडीतसुद्धा खालचा गिअर असतो, तो कुठे आहे हे घरीच बघून ठेवा. फक्त भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता चालतो का, हे वाचा. नसेल चालत, तर ब्लँडिंगवरून डांबरी वळसा आहे. पाऊस पडून गेला असेल तर वाद न घालता वळसा घ्या.

मॉन्युमेंट व्हॅली ही राष्ट्रीय उद्यानांत येत नाही. ती नावाहो लोकांची भूमी आहे, त्यांचं स्वतःचं ट्रायबल पार्क. तुमचा वार्षिक पास इथे चालत नाही, त्यांचं शुल्क वेगळं, आणि तिथे जाताना गाडीत बिअर ठेवू नका, नावाहो प्रदेशात दारूबंदी आहे. सतरा मैलांचा कच्चा फेरा संध्याकाळी मारा. लांब सावल्यांत ते तीन प्रसिद्ध सुळके जसे दिसतात तसे दुपारी दिसत नाहीत.

शेवटच्या दोन रात्री ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, आणि नवव्या दिवशी पहाटे व्हेगसकडे परत, साडेचार तास.

ग्रँड कॅन्यनमध्ये आपल्या ट्रेकर मंडळींचा घोटाळा होतो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, सगळीकडे आधी चढ असतो. दम लागला की आपण थांबतो, परत फिरतो, आणि परतीला उतार मिळतो. शरीराला चढच सांगतो की आता पुरे. इथे सगळं उलट. आधी उतार. सकाळची गार हवा, ताजे पाय, ब्राइट एंजलची वाट सोपी वाटते, आणि माणूस म्हणतो, अजून एक वळण. जसजसे खाली जाता तसतशी हवा तापत जाते. कड्यावर २९ अंश असतात तेव्हा तळाशी, अडीच हजार फुटांवर, फँटम रँचला ४१. मग परत फिरलात की चढ सुरू, डोक्यावर दुपार, बाटली रिकामी. म्हणून अधिकारी सांगतात की उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ दरीच्या आत चालू नका आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन येऊ नका. आमचा हिशोब याहून साधा: जितका वेळ खाली उतरलात त्याच्या दुप्पट वेळ वर यायला लागणार, तो वेळ धरून दहाच्या आत कड्यावर. म्हणजे साडेपाचला निघालात तर दीड तास उतरा आणि वळा.

आता पावसाचं. तिथेही मान्सून असतो, आणि त्याला मान्सूनच म्हणतात. जुलैच्या सुरुवातीला वारे दिशा बदलतात, मेक्सिकोच्या आणि कॅलिफोर्नियाच्या आखातांकडून दमट हवा येते, आणि सप्टेंबरपर्यंत बऱ्याच दुपारी ढग फुटतात. आपल्यासारखी झड लागत नाही. तासभर धो धो, आणि संपलं. पण जमीन कातळ किंवा टणक माती, पाणी मुरतच नाही, सगळं घळींतून धावतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अॅरिझोनात पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये असा लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. तिथे त्या क्षणी मोठा पाऊस नव्हता. वादळ काही मैल दूर, वरच्या अंगाला झालं होतं. अरुंद घळीत उभ्या माणसाला वर आकाशाची एक निळी पट्टी दिसते, आणि पाणी मागून येतं. आज तिथे नावाहो मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही, आणि हवामान बिघडलं तर फेऱ्या रद्द होतात. रद्द झाली तर हुज्जत घालू नका. झायनमध्येही अरुंद दरीतून चालायचं असेल तर पूर-शक्यतेचा त्या दिवसाचा अंदाज बघा आणि दुपारच्या आत बाहेर या. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, हे मराठवाड्यात नाला ओलांडताना गाड्या गेलेल्या पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वीज पडून वणवेही लागतात. ४ जुलै २०२५ ला ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावर विजेने असाच वणवा लागला आणि तिथलं ऐतिहासिक लॉज जळून गेलं. ज्यांचं आरक्षण तिथे होतं त्यांची सहल एका रात्रीत बदलली. म्हणून प्रत्येक मुक्कामाला एक पर्याय कागदावर असू द्या, आणि रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या, दहा-वीस डॉलर जास्त गेले तरी.

डेथ व्हॅली आमच्या नऊ दिवसांत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम नाही. जुलैत फर्नेस क्रीकचं दुपारचं सरासरी तापमान ४७ अंश, आणि १० जुलै १९१३ ला तिथे नोंदलेले ५६.७ अंश हा जगातला अधिकृत उच्चांक आहे. हल्ली लोक तिथल्या थर्मामीटरच्या पाटीशेजारी फोटो काढायला जातात. जायचंच असेल तर पहाटे पाचला डांटेज व्ह्यूवर जा, साडेपाच हजार फुटांवरून, म्हणजे कळसूबाईच्या उंचीवरून, खाली समुद्रसपाटीच्याही २८२ फूट खालचा बॅडवॉटरचा मिठाचा तळ दिसतो. नऊच्या आत दरी सोडा, आणि मुख्य डांबरी रस्ता सोडू नका. १९९६ च्या जुलैत एक जर्मन कुटुंब, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, भाड्याच्या व्हॅनमधून तिथल्या दुर्गम दक्षिण भागात गेलं. नकाशावर रस्ता दिसत होता. व्हॅन त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका कोरड्या घळीत रुतलेली सापडली, मोठ्या माणसांचे अवशेष २००९ मध्ये, तिथून कित्येक मैल लांब. ही गोष्ट सांगायचं कारण एकच: गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटू नका. गाडी आकाशातून दिसते, माणूस दिसत नाही. आणि अति तापलेली हवा इतकी विरळ होते की अशा दुपारी हेलिकॉप्टरलाही उडता येईलच असं नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. टायर बघा, रेडिएटरचं पाणी बघा, आणि स्टेपनी आहे की नाही ते डिकी उघडून बघा, कारण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत नुसती हवा भरायची बाटली असते. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि एक कागदी नकाशाही घ्या. लांब चढावर कधीकधी एसी बंद करा अशा पाट्या लागतात, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. तुम्हाला इंजिनाची सुई वर जाताना दिसली तर एसी बंद, हीटर चालू. प्रवाशांना शिक्षा वाटते, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते.

घड्याळाचा गोंधळ तर मजेशीर आहे. व्हेगसमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा युटामध्ये दहा. अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणून ग्रँड कॅन्यन आणि पेजला नऊच. पण त्याच अॅरिझोनात नावाहो प्रदेश घड्याळ पुढे करतो, तिथे दहा. आणि नावाहोंच्या मधोमध होपी लोकांचा प्रदेश, तो करत नाही, पुन्हा नऊ. फोन जवळच्या टॉवरप्रमाणे उड्या मारतो. कुठलीही वेळ ठरवून घेतलेली असेल तर 'कोणाच्या घड्याळाने' हे विचारून लिहून ठेवा.

पैशांचं एक नवीन आहे. २०२६ पासून अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलर, परदेशी पाहुण्यांसाठी २५०. आणि पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर, सोळा वर्षांखालील मुलांना सोडून. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे नियम उद्यानाच्या साइटवर वाचून, ओळखपत्रं बरोबर घेऊनच निघावं. दारात हिशोब करायला बसू नये.

मघाशी चॅटमध्ये एक प्रश्न आलाय, शेवटी तो घेतो. विचारलंय, 'पहाटे उठायचं, दुपारी झोपायचं, मग संध्याकाळनंतर करायचं काय?' बाहेर बसायचं. हा अख्खा प्रदेश अमेरिकेतल्या सगळ्यात काळोख्या आकाशाखाली येतो. आपण वाटेत जातो त्या नॅचरल ब्रिजेसला २००७ मध्ये जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. जूनअखेर ते ऑगस्ट आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग दक्षिणेला दिसतो. अट एकच, चंद्र नको. म्हणून सहलीच्या तारखा ठरवताना आम्ही आधी कालनिर्णय काढतो आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस धरतो. जूनचा पहिला पंधरवडा आणि अमावास्या जुळली तर उत्तम, दिवस मोठे, मान्सून सुरू व्हायचाय.

हो, आणि आई पुन्हा आल्या का, असाही प्रश्न आहे. आल्या, दोन वर्षांनी. डेलिकेट आर्चला नाही. ब्राइसला, सकाळी सहाच्या आधी कड्यावर, शाल आणि वर नातवाचं जॅकेट, कारण तिथे जुलैतही पहाटे आठ-नऊ अंश असतात आणि व्हेगसच्या हिशोबाने बॅग भरणारे सगळे कुडकुडत होते. तेव्हा एक स्वेटर प्रत्येकाच्या बॅगेत, वरच्या बाजूला.